दोन शत्रूंचा पोवाडा

८ ऑगस्ट १९४२च्या रात्री गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गांधी, नेहरू, पटेल, आझाद सगळे अटकेत. त्याच महिन्याच्या अखेरीला, हजारो मैलांवर, व्होल्गाकाठच्या एका कारखानदार शहरावर हिटलरच्या फौजा येऊन धडकल्या. गवालिया टँक चिंचपोकळीपासून फार तर चार-पाच किलोमीटर. पण गिरणगावाने ज्याला आपला शाहीर मानलं त्या अण्णा भाऊ साठेंनी त्या काळात पोवाडा रचला तो स्टालिनग्राडचा.

दर ऑगस्टमध्ये या गोष्टीवरून कुठे ना कुठे भांडण लागतं. एक बाजू म्हणते, देश जळत होता आणि हे लोक रशियाची गाणी गात होते, गद्दार. दुसरी बाजू अण्णा भाऊंचा फोटो, लाल बावटा, संयुक्त महाराष्ट्र असं सगळं एका पोस्टरवर लावते आणि १९४२ या सालावरून अलगद उडी मारते. पोवाडा मात्र दोघंही वाचत नाहीत. माझ्या मते तो वाचायला हवा, आणि वाचताना एक प्रश्न जवळ ठेवायला हवा: ज्यांच्यावर परकी राज्य होतं त्या सगळ्यांनाच ते जायला हवं होतं का? हवं असेल तर कधी, आणि कोणाच्या हाती सोपवून?

गिरणगावात हा प्रश्न १९४२मध्ये आला नाही. तो गिरणीच्या पहिल्या भोंग्याइतकाच जुना आहे.

नारायण मेघाजी लोखंडेंपासून सुरू करू. ठाण्यात जन्म, गिरणीत स्टोअरकीपर, फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. १८८०मध्ये 'दीनबंधु' त्यांनी मुंबईत आणला. सप्टेंबर १८८४मध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला: आठवड्याला एक सुटी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, पगार वेळेवर हवा. अर्ज कोणाकडे? परक्या सरकारने नेमलेल्या कमिशनकडे. कोणाविरुद्ध? देशी गिरणीमालकांविरुद्ध.

आता दुसऱ्या बाजूला बघा. कारखाना कायद्याची चर्चा निघाली तेव्हा राष्ट्रीय म्हणवणाऱ्या बहुतेक वर्तमानपत्रांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की मुंबईच्या कामगाराचा कळवळा मँचेस्टरला अचानक का आला? मुंबईचं सूत आणि कापड स्वस्त पडतं, त्यांच्या पोटात दुखतं, म्हणून इथल्या गिरण्यांचे तास कमी करायचेत. हा आरोप खोटा नव्हता. पुढे १८९६मध्ये त्याच सरकारने देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, तो मँचेस्टरच्याच समाधानासाठी.

म्हणजे दोघंही बरोबर होते. कायद्यामागे मँचेस्टरचा स्वार्थ होता, आणि त्या कायद्याने लहान पोरांचे तास खरोखर कमी होत होते. लोखंडेंनी दुसरी गोष्ट निवडली. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली, १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण सगळे, राष्ट्रवादी आणि इतर, रविवारी उशिरा उठतो ते या सभेच्या जिवावर. लोखंडेंना सरकारने रावबहादूर केलं. १८९७च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करताना ते गेले. त्यांना राजनिष्ठ म्हणायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १८८२मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. त्या खटल्यात त्यांच्या जामिनासाठी धावले ते फुल्यांचे मित्र उरवणे, आणि सुटल्यावर त्यांचं स्वागत करणाऱ्यांत लोखंडे होते. माणसं आपल्या पोस्टरपेक्षा जास्त गुंतागुंतीची असतात.

लोखंडेंच्या मागे फुले आहेत. फुल्यांचं तरुणपण तुम्हाला ठाऊक असेल: शिवाजी आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांची चरित्रं वाचणारा, लहुजी साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकणारा, इंग्रजांना हाकलून द्यायची स्वप्नं बघणारा मुलगा. 'गुलामगिरी'त (१८७३) ते स्वतःच हे सांगतात, आणि मग ती कल्पना आपल्या डोक्यात कोणी घातली होती आणि ती आपण का टाकली हेही सांगतात. मराठी गद्यात एखाद्या माणसाने स्वतःची देशभक्ती अशी तपासायला टेबलावर ठेवल्याचं उदाहरण त्याआधी मला दिसत नाही.

'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका तर पुन्हा पुन्हा बघण्यासारखी आहे. पुस्तक अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना. कशासाठी? १७७६ला त्यांनी इंग्लंडचं जोखड फेकलं म्हणून नाही, तर त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं म्हणून. या दोन घटनांत जवळजवळ नव्वद वर्षांचं अंतर आहे, आणि त्या अंतरातच सगळं म्हणणं आहे. अमेरिकेतही वसाहतीतले सगळे लोक स्वातंत्र्याच्या बाजूने नव्हते. गोऱ्यांमधला साधारण पाचवा हिस्सा राजनिष्ठ होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कोणाचा व्यापार इंग्लंडशी बांधलेला, कोणाला सरकारी नोकरी, कोणाला शेजारच्या मोठ्या जमीनदारापेक्षा लांबचा राजा बरा वाटायचा. आणि गुलामांचं काय? नोव्हेंबर १७७५मध्ये व्हर्जिनियाच्या इंग्रज गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त. शेकडो गुलाम पळून त्याच्याकडे गेले. डनमोरला दया आली होती असं नाही, त्याला माणसं हवी होती. पण पळणाऱ्याला त्याचं काय? त्याचा मालक स्वातंत्र्यावर भाषणं देत होता, आणि त्याला स्वातंत्र्य मिळणार होतं मालकाच्या शत्रूच्या छावणीत.

फुल्यांनी त्या स्वातंत्र्ययुद्धाचा प्रचारक टॉमस पेन जीव लावून वाचला होता, म्हणजे त्यांना दोन्ही अमेरिका माहीत होत्या. अर्पणपत्रिकेत त्यांनी दुसरी निवडली. म्हणून 'फुले इंग्रजधार्जिणे' हे वाक्य मला आळशी वाटतं. 'शेतकऱ्याचा असूड' उघडा: ऐषआरामी गोरे अधिकारी, शेतसारा, कारकुनांवर सगळं सोडून दिलेलं सरकार, कोणालाही सोडलेलं नाही. १८८८मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले आणि राणीच्या मुलाला सांगितलं, की जमलेले दागदागिन्यातले लोक म्हणजे हिंदुस्थान नाही. धार्जिणा माणूस असा जेवायला जात नाही.

टिळकांची बाजू आता. गिरणगावातला कामगार 'राष्ट्र' या शब्दाला बधिर होता असं कोणाला वाटत असेल तर १९०८ आठवावं. टिळकांनी अटकेआधी चिंचपोकळीत गिरणी कामगारांपुढे भाषण केलं होतं, स्वदेशी वापरा, दारू सोडा. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडल्या. सहा वर्षांसाठी सहा दिवस. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. लेनिनने त्याच वर्षी या संपाबद्दल लिहिलं. कोणतीही युनियन नव्हती, संपाचा पगार मिळणार नव्हता. कारखाना कायद्यावेळी जो कामगार परक्या सरकारकडे अर्ज घेऊन गेला होता, त्याच कामगाराच्या पोरांनी परक्या सरकारच्या गोळ्या खाल्ल्या. यात विसंगती नाही. पोटाचा प्रश्न आणि मानाचा प्रश्न एकाच माणसाच्या आत असतात, आणि कधी कोणता वर येईल ते बाहेरून ठरवता येत नाही.

पण 'एक' गिरणी कामगार तरी कुठे होता? विणाई खात्यात पगार जास्त, आणि तिथे दलितांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि उष्ट्या धाग्याने सवर्ण कामगाराचा धर्म बुडत होता. ही बंदी इंग्रजांनी घातली नव्हती. मालकांनीही नाही. ती शेजारच्या साच्यावरच्या कामगाराने घातली होती. १९२८च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा त्यांची झालेली अडचण समजण्यासारखी आहे. तिचं समर्थन करता येत नाही. परळच्या बीआयटी चाळीत राहणाऱ्या माणसाला वर्गएकजूट म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नव्हती. ती कुठे संपते तेही त्यांना माहीत होतं.

तरी ७ नोव्हेंबर १९३८ला आंबेडकर आणि डांगे एकत्र आले. औद्योगिक कलह विधेयकाने संपाचा हक्क आवळला जाणार होता, आणि ते विधेयक कोणाचं? खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचं. कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली, गिरण्या बंद, गोळीबार झाला. गिरणगावाला स्वराज्याचा पहिला नमुना असा दिसला. पुढे जुलै १९४२मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि 'चले जाव'वर त्यांनी कडक टीका केली. त्यामागची गणितं समजून घ्यायला हा चार वर्षांचा नाही, पन्नास वर्षांचा हिशेब लागतो. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारं विधेयक त्यांच्याच कारकिर्दीतलं. म्हणजे पुन्हा तेच, लोखंडेंचं: परकं सरकार, देशी मालक, कामाचे तास.

आता पोवाडा.

कम्युनिस्टांची भूमिका एका रात्रीत बदलली हा आरोप खरा आहे, आणि तो नीट सांगायला हवा. २ ऑक्टोबर १९३९ला युद्धविरोधात मुंबईच्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी एक दिवसाचा संप केला तो त्यांच्याच हाकेवर. २२ जून १९४१ला हिटलरने रशियावर हल्ला केला, आणि काही महिन्यांत साम्राज्यशाहीचं युद्ध 'लोकयुद्ध' झालं. जुलै १९४२मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठवली. पुढच्या पंधरवड्यात देशभरातले काँग्रेसवाले तुरुंगात गेले. या तारखा शेजारी ठेवल्या की कोणालाही वाईट वाटेल, आणि वाटावंच. रशियाच्या बाजूने असणं एक, आणि आपल्या गल्लीतला पोरगा भूमिगत असताना उत्पादन चालू ठेवा म्हणणं दुसरं. अहमदाबादच्या गिरण्या त्या वर्षी तीन महिन्यांहून जास्त बंद राहिल्या. मुंबईच्या काही दिवसांत सुरू झाल्या. अहमदाबादेत मालकांची मूक संमती होती आणि मजूर महाजन गांधींचं, हे खरं. पण मुंबईत लाल बावटा काय सांगत होता हेही खरं.

याच काळात वाटेगावहून चालत आलेला, मोरबाग गिरणीत काम केलेला, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात डासांवर पहिली रचना करणारा मातंग समाजातला एक तरुण स्टालिनग्राडचा पोवाडा लिहितो. वय बावीस-तेवीस. शाळा जवळजवळ नाही. रशियाला तो प्रत्यक्ष गेला १९६१मध्ये. १९४२-४३मध्ये त्याच्याकडे होत्या फक्त बातम्या आणि पोवाड्याचा छंद.

पक्षाची ओळ त्याच्या हातात होती, पण ओळीने पोवाडा होत नाही. पोवाड्याची जुनी गरज बघा: एक गड, एक शत्रू, एक वीर. अज्ञानदासाच्या अफजलखानापासून हेच. फुल्यांनी १८६९मध्ये शिवाजीवर पोवाडा रचला तेव्हा वीर तोच ठेवला आणि तो कोणाचा, हे बदललं. ब्राह्मणप्रतिपालक राजा शेतकऱ्यांचा राजा झाला. अण्णा भाऊंनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी राजाच काढून टाकला. गड म्हणून एक कारखान्यांचं शहर उभं केलं, आणि ते लढवणारी फौज कामगारांची. स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यातले कामगार खरोखर शस्त्र घेऊन उभे राहिले होते. ऐकणारा माणूस लालबाग-परळचा. धुरांडी, भोंगा, खाती, चाळी, सगळं त्याच्या ओळखीचं. व्होल्गा त्याने पाहिली नव्हती, पण कारखान्याच्या दारात लढाई म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नव्हतं. पक्षाने त्याला रशियाशी निष्ठा दाखवायला सांगितलं असेल. शाहिराने त्याला पहिल्यांदा वीराच्या जागी उभं केलं. माझ्या मते हा पोवाडा टिकला तो यामुळे. गद्दारीचा आरोप करणाऱ्यांना हे ऐकू येत नाही, कारण ते फक्त शहराचं नाव ऐकतात.

पण याच ताकदीत त्याची अडचण आहे. पोवाड्याला एक शत्रू पेलतो, दोन नाही. डफावर थाप पडली की शाहिराला 'पण' म्हणता येत नाही. १९४२मध्ये गिरणगावापुढे दोन शत्रू होते: एक व्होल्गेवर, दुसरा आर्थर रोडच्या तुरुंगाबाहेर पहारा देत उभा. ज्या सरकारच्या पोलिसांनी १९०८मध्ये आणि १९३८मध्ये गोळ्या घातल्या, ते आता एका लढाईपुरतं आपल्या बाजूला आहे, ही गोष्ट पोवाड्यात बसत नाही. अशी गोष्ट संवादात बसते. फुल्यांनी 'गुलामगिरी' जोतिबा आणि धोंडिबाच्या सवाल-जवाबात लिहिली हे मला म्हणून महत्त्वाचं वाटतं: धोंडिबा शंका काढतो, आणि सरकारचे उपकार आणि सरकारचे दोष एकाच पानावर येऊ शकतात. वीररसाला ही सोय नसते. पक्षाची चूक होती की नाही यावर वाद घाला, पण तिला त्या काळात सगळ्यात जास्त झाकलं ते या रचनाप्रकाराने. चांगल्या पोवाड्याने. वाईट पोवाडा असता तर ती लगेच दिसली असती.

अण्णा भाऊंना स्वतःला हे जाणवलं होतं का? मी त्यांच्या मनात शिरणार नाही, पुस्तकांकडे बघेन. पुढे त्यांनी 'वारणेच्या खोऱ्यात' ही कादंबरी लिहिली. तिची पार्श्वभूमी स्वातंत्र्यलढ्याची, त्यांच्या स्वतःच्या मुलखाची, जिथे नाना पाटलांच्या पत्री सरकारने इंग्रजांना नाकी नऊ आणले. म्हणजे ज्या लढ्यापासून पक्ष दूर राहिला, त्याच लढ्याच्या वाटेवर शाहीर कादंबरीकार म्हणून परत गेला. (नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षातच आले. हे कोणा कादंबरीकाराने रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, फारच जुळवून आणलंय.) 'वारणेच्या खोऱ्यात' ही अण्णा भाऊंची सर्वोत्तम कादंबरी नाही. प्रेमकथा आणि चळवळ एकमेकांच्या पायात येतात. पण कादंबरीला वेळ असतो, गावात सगळ्या प्रकारची माणसं असतात: पोलिसाला खबर देणारा, भाकरी देणारा, घाबरून दार लावणारा. पोवाड्यात या माणसांना जागा नव्हती.

आणि मग 'फकिरा', १९५९. इथे इंग्रज सरकार आहे, उपाशी मांगवाडा आहे, खजिना लुटणारा आणि फासावर जाणारा नायक आहे. इंग्रजांविरुद्धचं इतकं थेट बंड मराठी कादंबरीत क्वचितच आलं असेल. पण पुस्तक अर्पण केलंय आंबेडकरांच्या लेखणीला, 'चले जाव'वर टीका करणाऱ्या माणसाच्या. फुल्यांची अर्पणपत्रिका आणि ही अर्पणपत्रिका शेजारी ठेवून बघा. दोन्हीत परक्या राज्याचा प्रश्न आहे, आणि दोन्हीत आभार मानलेत ते आतली बेडी तोडणाऱ्याचे. फकिरा राष्ट्रासाठी लढत नाही. तो भुकेल्या लोकांसाठी लढतो, आणि समोर येतं ते इंग्रजांचं सरकार. त्या मांगवाड्यातून बघितलं की 'स्वातंत्र्य हवं होतं की नको' हा प्रश्न पुरता पडत नाही. कशापासून, हे आधी विचारावं लागतं.

१९४६मध्ये सगळ्या जागा उलट्या झाल्या. १८ फेब्रुवारीला 'तलवार'वरच्या नौसैनिकांनी बंड केलं. २२ तारखेला कम्युनिस्टांच्या हाकेवर गिरणगाव बंद झालं. काँग्रेस आणि लीग दोन्ही शांत राहा, शस्त्रं खाली ठेवा म्हणत होते. चार वर्षांपूर्वी गद्दार ठरलेले लोक आता रस्त्यावर होते. लष्कराने परळ-लालबागच्या रस्त्यांवर गोळ्या झाडल्या. मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. परळमध्ये कमल दोंदे गेल्या. या मेलेल्यांचं स्मरण कोणत्याच पक्षाला फारसं सोयीचं नव्हतं, त्यामुळे ते कॅलेंडरवर आलं नाही.

त्याच वर्षी अमळनेरला कापड गिरणीच्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. मुंबई प्रांतात तेव्हा काँग्रेसचं मंत्रिमंडळ होतं, स्वातंत्र्याला वर्ष उरलं होतं. अण्णा भाऊंनी अमळनेरच्या हुतात्म्यांवरही पोवाडा रचला. या वेळी शत्रू एकच होता, आणि तो देशी होता. पोवाडा सरळ जातो, कुठे अडखळत नाही.